सन त्झूचं पुस्तक अजून का वाचतात, आणि वाचायला सुरुवात कुठून करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे की कंपनीच्या लीडरशिप ट्रेनिंगमध्ये सन त्झूचं 'आर्ट ऑफ वॉर' हे युद्धशास्त्रावरचं प्राचीन चिनी पुस्तक वाटलं, दोन तासात वाचून झालं, अर्धी वाक्यं व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच येऊन गेलेली वाटली, तर मग यात एवढं काय आहे की अडीच हजार वर्षं लोक ते वाचतायत, आणि आजच्या ड्रोन-मिसाईलच्या जमान्यात सैन्यात खरंच कोणी वापरतं का. मी इन्फंट्रीत नोकरी केली, नंतर बरीच वर्षं तरुण ऑफिसर्सना टॅक्टिक्स आणि मिलिटरी हिस्टरी शिकवली, त्यामुळे या पुस्तकाशी माझा जुना संबंध आहे आणि त्याच्याबद्दल माझी मतंही ठाम आहेत. उत्तर लांबलंय, सवडीने वाचा.

तुम्हाला जी वाक्यं ओळखीची वाटली ती बहुतेक पहिल्या आणि तिसऱ्या अध्यायातली असणार. युद्ध म्हणजे फसवाफसवी, शत्रूला ओळखा आणि स्वतःला ओळखा, न लढता जिंकणं सगळ्यात श्रेष्ठ, वगैरे. पोस्टरवर हीच असतात. पण ज्याने कोणी हे लिहिलं त्याच्या डोक्यात सगळ्यात आधी पैसा, धान्य आणि वेळ होता, आणि हे लक्षात आलं नाही तर बाकीची वाक्यं शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखी होऊन बसतात. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की पहिला अध्याय राहू दे, दुसऱ्यापासून सुरू करा.

दुसऱ्या अध्यायात काय आहे बघा. एक हजार हलके रथ, एक हजार जड गाडे, एक लाख चिलखती शिपाई, आणि हजार ली अंतरावर रसद पोचवायची (एक ली म्हणजे ढोबळमानाने चारशे मीटर, म्हणजे झाले चारशे किलोमीटर). त्यात राजदूत आणि पाहुण्यांचा खर्च धरलाय, सरस आणि रोगण असल्या दुरुस्तीच्या सामानाचा खर्च धरलाय, रथांचा आणि चिलखतांचा धरलाय, आणि मग सांगितलंय की दिवसाला हजार सुवर्ण जातील तेव्हा कुठे लाखाची फौज उभी राहील. पुढे म्हणतो की मोहीम लांबली की शस्त्रं बोथट होतात, माणसं थकतात, खजिना रिकामा होतो, आणि मग शेजारचे राजे तुमच्या अडचणीचा फायदा घ्यायला उठतात, त्यानंतर कितीही हुशार माणूस आणलात तरी त्याला ते निस्तरता येत नाही. फौजेचा तळ पडतो तिथल्या बाजारात भाव चढतात आणि भाव चढले की रयत धुऊन निघते हेसुद्धा त्याने लिहिलंय. शत्रूच्या मुलखात मिळवलेलं एक माप धान्य हे घरून आणलेल्या वीस मापांच्या बरोबर, असा सरळ दर दिलाय, कारण उरलेलं वाटेत वाहून नेणारेच खाऊन टाकतात. लांबलेल्या युद्धाने कुठल्या राज्याचं भलं झालंय असं कधी घडलेलं नाही, हे त्याचं वाक्य या सगळ्या आकड्यांच्या मागून येतं आणि म्हणून ते पटतं.

आता माझा अनुभव सांगतो. सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत उभारलेल्या जमिनीच्या प्रतिकृतीवर, एक्सरसाइझ दिला की तरुण ऑफिसर पहिल्या पाच मिनिटात हल्ल्याचा प्लॅन मांडतो, बाण काढतो, डावीकडून वळसा, उजवीकडून फायर सपोर्ट, आणि प्लॅन दिसायला सुंदर असतो. मग मी विचारायचो की त्या कड्यावर जवानांची कंपनी चढवलीस ना, आता त्यांना पाणी कोण देणार, किती खेपा, किती खेचरं, जखमी खाली आणायला किती माणसं गुंतणार आणि मग लढायला किती उरणार. तिथे बहुतेक प्लॅन मोडायचे. जो ऑफिसर पाण्यापासून सुरुवात करून उलटा हल्ल्याकडे यायचा त्याचा प्लॅन कागदावर साधा दिसायचा पण टिकायचा. सन त्झू असा उलटा विचार करणारा माणूस आहे, आणि आमच्याकडे ज्याला अ‍ॅप्रिसिएशन म्हणतात, म्हणजे लढाईआधी परिस्थितीचा मुद्देसूद अंदाज घेणं, त्याचा गाभा पहिल्या अध्यायात शेवटी आहेच, की लढाईआधी देवळात बसून ज्याने जास्त गोष्टी मोजल्या तो जिंकतो आणि ज्याने काहीच मोजलं नाही त्याचं तर विचारूच नका.

दुसऱ्यानंतर थेट तेरावा, म्हणजे शेवटचा, वाचा. हा अध्याय हेरगिरीचा. सुरुवात परत पैशापासून. लाखाची फौज हजार ली निघाली की सात लाख कुटुंबांची शेतीभाती बंद पडते असं तो म्हणतो. हा आकडा कुठून आला ते त्साओ त्साओ या चिनी सेनापतीने पुस्तकावरच्या आपल्या भाष्यात समजावलंय, आठ घरांचा एक गट, एका घरातला माणूस फौजेत गेला की उरलेली सात घरं त्याचा भार उचलतात, म्हणून एक लाखाला सात लाख. आणि मग सन त्झू म्हणतो की अशा स्थितीत दोन फौजा वर्षानुवर्षं समोरासमोर बसतात, एका दिवसाच्या विजयासाठी, आणि तरी एखादा सेनापती हेरांना बक्षीस द्यायला हात आखडतो आणि त्यामुळे शत्रूची खबर त्याला मिळत नाही, तर त्याच्यासारखा निर्दयी माणूस नाही. मला हे वाक्य पुस्तकातलं सगळ्यात मोठं वाटतं. कंजूषपणाला तो मूर्खपणा म्हणत नाही, निर्दयपणा म्हणतो, कारण वाचवलेल्या त्या थोड्या पैशाची किंमत सात लाख घरं मोजतात. मग हेरांचे पाच प्रकार येतात, गावातला स्थानिक माणूस, शत्रूच्या दरबारातला माणूस, शत्रूचाच फिरवलेला हेर, मुद्दाम खोटी माहिती देऊन पाठवलेला आणि त्यामुळे मरणारा हेर, आणि खबर घेऊन जिवंत परत येणारा. यात फिरवलेला हेर सगळ्यात मोलाचा, कारण बाकी चौघांना वापरायची वाट त्याच्यामुळे मोकळी होते. इंटेलिजन्समध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा, हा क्रम आजही असाच आहे.

हे दोन अध्याय डोक्यात ठेवून तिसरा वाचला की 'न लढता जिंकणं' याचा अर्थ लागतो. यात संतपणा काही नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे शत्रूचा बेत मोडणं, मग त्याची युती मोडणं, मग त्याची फौज गाठणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तटबंदीच्या शहराला वेढा घालणं. वेढ्याचा हिशोबही त्याच्याकडे आहे, ढाली आणि गाडे तयार करायला तीन महिने, मातीचे चढ उभारायला आणखी तीन, आणि तेवढ्यात सेनापतीचा धीर सुटला आणि त्याने माणसं मुंग्यांसारखी तटावर चढवली की तिसरा हिस्सा फौज मेली तरी शहर हातात नाही. मराठी वाचकाला हे वेगळं समजवायला नको. औरंगजेब १६८१ ला दख्खनमध्ये उतरला तो १७०७ ला इथेच मेला, एकट्या जिंजीचा वेढा १६९० ते १६९८ चालला आणि किल्ला पडला तेव्हा राजाराम महाराज आधीच निसटले होते. मात्र एक गोष्ट इथेच सांगतो, शिवाजी महाराजांनी सन त्झू वाचला होता असे जे फॉरवर्ड फिरतात त्यांना काडीचा आधार नाही. युरोपातला पहिला अनुवादसुद्धा १७७२ चा, फ्रेंच, आमियो नावाच्या जेझुइट पाद्र्याने केलेला. महाराज ज्या मुलखात लढले त्या मुलखाचा आणि त्या शत्रूचा अभ्यास त्यांनी स्वतः केला होता, त्याला चिनी प्रमाणपत्र लागत नाही.

आता हा सन त्झू होता कोण. परंपरेप्रमाणे त्याचं नाव सन वू, च्यी राज्यातला माणूस, वू राज्याच्या हो-लू राजाकडे आला, म्हणजे इसवीसनपूर्व सहाव्या शतकाचा शेवट. सिमा छ्येन या इतिहासकाराने इ.स.पू. १०० च्या आसपास त्याचं चरित्र लिहिलं, त्यात ती राजवाड्यातल्या १८० बायकांना कवायत शिकवल्याची गोष्ट येते, बायका हसायला लागल्या म्हणून त्याने राजाच्या दोन लाडक्या राण्यांची, ज्यांना तुकडीप्रमुख केलं होतं, मुंडकी उडवली, राजा नको नको म्हणत असताना. गोष्ट प्रसिद्ध आहे पण मला ती नंतर रचलेली वाटते. कारण इ.स.पू. ५०६ मध्ये वू राज्याने छू राज्याची राजधानी घेतली त्या मोहिमेचं सविस्तर वर्णन त्याहून जुन्या झुओझ्वान ग्रंथात आहे आणि त्यात सन वूचं नावच नाही. शिवाय पुस्तकातली लाखाची फौज आणि क्रॉसबो हे सगळं त्यानंतरच्या, म्हणजे राज्या-राज्यांच्या मोठ्या युद्धांच्या काळाला जास्त शोभतं. त्यामुळे बरेच अभ्यासक म्हणतात की हे पुस्तक एका माणसाने एका बैठकीत लिहिलेलं नसून एका परंपरेत तयार होत गेलं, आणि मीही त्याच मताचा आहे.

पण एक वाद मात्र १९७२ मध्ये कायमचा मिटला. शानडोंग प्रांतात लिनयी इथे यिनछ्वेशान टेकडीवर बांधकाम चालू असताना हान काळातल्या कबरी सापडल्या आणि त्यात बांबूच्या हजारो पट्ट्या निघाल्या, त्यावर शाईने लिहिलेला सन त्झूचा मजकूर आणि त्याच्यासोबत सन बिन या त्याच्या वंशजाचं पुस्तक, जे जवळजवळ दोन हजार वर्षं हरवलेलं होतं. तोपर्यंत काही लोक म्हणायचे की सन वू आणि सन बिन एकच. पट्ट्यांनी दाखवलं की पुस्तकं दोन आहेत. कबरी इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या, आणि तेरा अध्यायांचा मजकूर आज छापतात त्याच्याशी बराचसा जुळतो, म्हणजे जे आपण वाचतो ते निदान तेवढं जुनं आहे. अख्खं पुस्तक साधारण सहा हजार चिनी अक्षरांचं, म्हणून तुमचं दोन तासात झालं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हे पुस्तक वापरायचं कसं आणि वापरायचं नाही कसं, हे मला शिकवायचं असेल तर मी इ.स.पू. २०४ ची जिंगशिंगची लढाई घेतो, कारण त्यात दोन्ही बाजूच्या लोकांनी युद्धशास्त्राची तीच वचनं तोंडावर फेकलेली आहेत आणि तरी एक जण राज्य जिंकतो आणि दुसऱ्याचं मुंडकं जातं.

एका बाजूला हान शिन, म्हणजे पुढे हान घराण्याचा पहिला सम्राट झालेल्या ल्यू बांगचा सेनापती, नवीन भरती केलेली फौज घेऊन डोंगरातून झाओ राज्यावर चाललेला. दुसऱ्या बाजूला छेन यू, झाओचा सेनापती, दोन लाख फौज असल्याचा दावा. छेन यूचा एक सल्लागार होता ली झुओछ, तो म्हणाला की खिंड इतकी अरुंद आहे की दोन गाडे शेजारी चालू शकत नाहीत, त्यांची रसद नक्की मागे असणार, मला तीस हजार माणसं द्या, मी आडवाटेने जाऊन रसद तोडतो, तुम्ही खंदक खोल करा, तट उंच करा आणि अजिबात लढू नका, दहा दिवसात त्यांच्या सेनापतींची मुंडकी तुमच्या झेंड्याखाली आणून ठेवतो. हा सल्ला म्हणजे सन त्झूचा दुसरा अध्याय जसाच्या तसा. छेन यू काय म्हणाला, की युद्धशास्त्र सांगतं दहापट असाल तर वेढा, दुप्पट असाल तर लढा, त्यांची फौज खरी काही हजारच आहे, थकून आलेली आहे, एवढ्याशा शत्रूपासून लपलो तर बाकीचे राजे आपल्याला भित्रे समजतील. शिवाय न्यायाची फौज कपट करत नाही असंही त्याचं म्हणणं असायचं. म्हणजे वचन तोंडपाठ होतं आणि ते त्याने आपली अब्रू राखायला वापरलं.

हान शिनचे हेर तिथे होते. सल्ला फेटाळला गेल्याची खबर मिळाली तेव्हाच तो खिंडीत उतरला, त्याआधी नाही, हे नीट लक्षात घ्या, तेरावा अध्याय. अर्ध्या रात्री त्याने दोन हजार घोडेस्वार डोंगरातल्या वाटेने झाओच्या छावणीजवळ लपवले, प्रत्येकाच्या हातात हानच्या फौजेचा एक लाल झेंडा. मग दहा हजार माणसं पुढे पाठवून त्यांना नदीकडे पाठ करून उभं केलं. झाओचे लोक बघून हसले, कारण नदी पाठीशी घेऊन उभं राहणं हे कोणत्याही शिकलेल्या माणसाला वेडेपणा वाटणार. सकाळी हान शिन स्वतः झेंडे-नगारे घेऊन पुढे गेला, थोडा वेळ लढला, पळण्याचं नाटक करत नदीकडे आला, आणि झाओची सगळी फौज छावणी रिकामी करून मागे धावली. नदीवरच्या लोकांना पळायला जागाच नाही म्हणून ते जिवावर उदार होऊन लढले. तेवढ्यात दोन हजार घोडेस्वारांनी रिकाम्या छावणीत शिरून झेंडे बदलले. झाओचे शिपाई दमून परत फिरले तर तटावर सगळीकडे लाल झेंडे, आणि तिथे जी पळापळ सुरू झाली ती कोणाला थांबवता आली नाही. छेन यू मारला गेला, राजा पकडला गेला.

लढाईनंतर हान शिनच्याच अधिकाऱ्यांनी विचारलं की पुस्तकात लिहिलंय डोंगर मागे आणि पाणी पुढे ठेवावं, तुम्ही उलट केलंत आणि जिंकलो, हे काय. तो म्हणाला, हेही पुस्तकातच आहे, तुमचं लक्ष गेलं नाही, मरणाच्या जागी टाकलं तरच माणसं जगतात असं त्यात लिहिलेलं नाही का. आणि पुढे जे कारण दिलं ते मला त्याहून महत्त्वाचं वाटतं, की ही माणसं मी तयार केलेली नाहीत, बाजारातून गोळा केल्यासारखी आहेत, यांना पळायला जागा दिली असती तर सगळे पळाले असते. म्हणजे त्याने आधी स्वतःची फौज किती कच्ची आहे हे मान्य केलं आणि मग त्या कच्च्या फौजेसाठी जागा निवडली. नदी पाठीशी घेण्याची युक्ती दुसऱ्या कोणी दुसऱ्या दिवशी केली तर बुडेल. आणि अजून एक, हान शिनने हुकूम काढला की ली झुओछला कोणी मारायचं नाही, जिवंत आणेल त्याला हजार सुवर्ण. आणल्यावर स्वतः त्याच्या दोऱ्या सोडल्या, त्याला मानाच्या जागी बसवलं आणि गुरूसारखा सल्ला विचारला. ली म्हणाला तुमची माणसं थकलीत, आता यन राज्यावर चढाई करू नका, विश्रांती घ्या आणि नुसतं पत्र पाठवा. यन राज्य पत्रावर शरण आलं. न लढता जिंकणं ते हे, आणि ते एका मोठ्या विजयानंतर जमलं, आधी नाही.

याच्या उलट उदाहरण छांगफिंगचं, इ.स.पू. २६०. झाओ राज्याचा म्हातारा सेनापती ल्येन फो तटबंदीत बसून छिन राज्याच्या फौजेला दमवत होता. राजाला धीर निघेना, त्यात छिनच्या हेरांनी अफवा पसरवली की छिनला भीती आहे ती फक्त झाओ ख्वोची. हा झाओ ख्वो एका नावाजलेल्या सेनापतीचा मुलगा, युद्धशास्त्रावर बोलायला लागला की बापालाही हरवायचा. त्याच्या आईने स्वतः राजाला लिहिलं की याला पाठवू नका. एका मंत्र्यानेही सांगितलं की याला बापाची पुस्तकं वाचता येतात, बदलत्या परिस्थितीप्रमाणे बदलता येत नाही. तरी राजाने पाठवलं. त्याने सगळी बचावाची रचना बदलली, हल्ला केला, बाई छी या छिनच्या सेनापतीने त्याला घेरलं, ४६ दिवस फौज अन्नावाचून राहिली, तो स्वतः मेला, आणि सिमा छ्येनच्या मते शरण आलेल्या चार लाख लोकांना मारून टाकलं गेलं. आकडा फुगवलेला असेल, पण झाओ राज्य त्यातून परत कधी सावरलं नाही. चिनी भाषेत आजही 'कागदावर युद्धाच्या गप्पा मारणारा' म्हटलं की हाच माणूस आठवतात. सन त्झूची अवतरणं देणाऱ्या प्रत्येक मॅनेजरला ही गोष्ट सांगितली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

बाकी प्रभावाची यादी पटकन सांगतो. त्साओ त्साओ (१५५ ते २२०) स्वतः मोठा सेनापती आणि आज उपलब्ध असलेलं सगळ्यात जुनं भाष्य त्याचंच. सोंग काळात १०८० मध्ये सम्राटाच्या हुकुमाने सात लष्करी ग्रंथांचा संच ठरवला गेला, सन त्झू त्यात पहिला, आणि सैनिकी अधिकाऱ्यांच्या परीक्षेला तो लावला, म्हणजे तिकडे तो क्रमिक पुस्तक म्हणूनही टिकला. जपानमध्ये आठव्या शतकापर्यंत पोचला होता. ताकेदा शिंगेन या सोळाव्या शतकातल्या जपानी सरदाराच्या झेंड्यावर सातव्या अध्यायातल्या ओळी होत्या, वाऱ्यासारखं वेगवान, जंगलासारखं शांत, आगीसारखं आक्रमक, डोंगरासारखं अचल. तोच वारसा सांगणारा त्याचा मुलगा कात्सुयोरी १५७५ मध्ये नागाशिनोला कुंपणामागच्या बंदुकींवर चालून गेला आणि फौज संपवून बसला.

विसाव्या शतकात माओने १९३८ च्या प्रदीर्घ युद्धावरच्या भाषणांमध्ये सन त्झूचा आधार घेतला. गंमत म्हणजे सन त्झू लांबलेल्या युद्धाच्या पूर्ण विरोधात आणि माओ लांबवण्याच्या बाजूने. पण विचार केला तर दोघांचं जुळतं, कारण सन त्झूचा हिशोब परमुलखात गेलेल्या फौजेचा आहे, आणि १९३८ मध्ये परमुलखात होते ते जपानी. दिवस जितके वाढतील तितका खर्च जपानचा वाढणार. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्हने स्वतः सन त्झूबद्दल लिहिलं. दिएन बिएन फू इथल्या फ्रेंच छावणीवरचा हल्ला व्हिएतनामी जनरल जियापने जानेवारी १९५४ च्या शेवटी, हल्ला तोंडावर आलेला असताना, तो रद्द केला, डोंगरावर माणसांनी ओढून चढवलेल्या तोफा परत खाली ओढल्या, अजून सहा-सात आठवडे तयारी केली, १३ मार्चला सुरुवात केली आणि ७ मे रोजी फ्रेंच छावणी पडली. त्याने तो निर्णय सन त्झू उघडून घेतला असं मी म्हणणार नाही. पण ज्याची बाजू अजून भरलेली नाही त्याने थांबावं, स्वतः हरणार नाही याची सोय आपल्या हातात असते आणि शत्रू चुकण्याची वाट बघावी लागते, हा चौथा अध्याय समजवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. अमेरिकेत मरीन कोअरच्या सॅम्युएल ग्रिफिथने १९६३ मध्ये अनुवाद केला, आणि व्हिएतनामच्या अनुभवानंतर तिथे ते गांभीर्याने वाचलं गेलं, मरीन्सच्या १९८९ च्या युद्धविषयक मॅन्युअलमध्ये त्याचा ठसा स्पष्ट दिसतो.

आपल्याकडे एक चूक फार होते. चीनने काहीही केलं की टीव्हीवर लगेच कोणीतरी सन त्झू काढतो. १९६२ मध्ये चीनने २० ऑक्टोबरला मोठा हल्ला केला आणि २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, हिवाळा तोंडावर आणि रसदीची वाट तिबेटच्या पठारावरून, हे दुसऱ्या अध्यायात बसतं हे खरं. पण तोच चीन कोरियात १९५० च्या ऑक्टोबरमध्ये रात्री रात्री चालून गुपचूप यालू नदी ओलांडतो, सुरुवातीला जबरदस्त यश मिळवतो, आणि मग १९५३ पर्यंत लाखो माणसं गमावत तिथेच अडकतो. त्यांच्या अधिकाऱ्यांनी सन त्झूबरोबर क्लाउझेविट्झ हा जर्मन युद्धविचारवंत वाचलेला आहे, माओ वाचलेला आहे आणि अमेरिकन मॅन्युअलंही वाचलेली आहेत. एका जुन्या पुस्तकावरून शेजाऱ्याचा स्वभाव ठरवणं म्हणजे शत्रूला ओळखण्याचं काम टाळणं.

मला या पुस्तकातलं सगळं पटतं असंही नाही. अकराव्या अध्यायात तो म्हणतो की शिपायांना अंधारात ठेवा, मेंढरांच्या कळपासारखं इकडून तिकडे हाका, कुठे चाललोय ते त्यांना कळू नये, वर चढवा आणि शिडी काढून घ्या. सक्तीने भरती केलेल्या शेतकऱ्यांच्या फौजेत हे चाललं असेल. आज सेक्शन कमांडरला, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीच्या प्रमुखाला, वरच्या कमांडरचा हेतू माहीत नसेल तर रेडिओ बंद पडल्या क्षणी अख्खी सेक्शन निकामी. जवानाला 'का' हे सांगितलं की तो मला न सुचलेला मार्ग काढतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय आणि यावर माझी तडजोड नाही. मरायला पाठवलेल्या हेराबद्दलही तसंच, आपल्याच माणसाला खोटी माहिती देऊन पकडू द्यायचं, हे मी वर्गात शिकवायचो तेव्हा त्यावर वाद होऊ द्यायचो आणि मुलांनी वाद घातला की बरं वाटायचं.

ड्रोनचं विचारलंत. ड्रोनने आज कुठे किती गाड्या आहेत ते दिसतं, म्हणून पहिल्या अध्यायातली लपवाछपवी अवघड झाली आहे हे खरं. पण समोरच्या सेनापतीला त्याच्या सल्लागाराने काय सांगितलं आणि त्याने ते ऐकलं की नाही, हे ड्रोनला दिसत नाही, ते हान शिनला हेराकडूनच कळलं होतं. सन त्झू म्हणतोच की आधीची खबर देवांकडून मिळत नाही, ग्रहताऱ्यांच्या गणितातून मिळत नाही, माणसांकडून मिळते. आणि खर्चाचा भाग तर जास्तच लागू झालाय. अमेरिकेने मार्च २००३ मध्ये इराकमध्ये शिरून तीन आठवड्यात बगदाद घेतलं आणि बाहेर पडायला डिसेंबर २०११ उजाडला. बाराव्या अध्यायात लिहिलंय की लढाई जिंकून जो मिळवलेलं नीट बसवत नाही त्याच्यासाठी ते अशुभ आहे. रशियाची फौज फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव्हवर निघाली, रस्त्यावर मैलोन्‌मैल गाड्या अडकल्या, आणि महिनाभरात मागे फिरावं लागलं. सातव्या अध्यायात हिशोब आहे, शंभर ली धावत गेलात तर दहातला एक पोचेल, पन्नास ली गेलात तर निम्मे, तीस ली गेलात तर तीनातले दोन.

ट्रेनिंगच्या स्लाइडवरची दोन-तीन वाक्यं मात्र डोक्यातून काढून टाका. मित्रांना जवळ ठेवा आणि शत्रूंना त्याहून जवळ, हे सन त्झूचं नाही. नदीकाठी शांत बसलात तर शत्रूचं प्रेत वाहत येईल, हेही नाही. स्ट्रॅटेजीशिवाय टॅक्टिक्स म्हणजे पराभवाआधीचा गोंगाट, हेही तेरा अध्यायात कुठे नाही. आणि 'छत्तीस युक्त्या' म्हणून जे विकतात ते पूर्ण वेगळं आणि खूप नंतरचं संकलन आहे.

वाचायचं असेल तर माझा क्रम दुसरा, तेरावा, बारावा, मग पहिल्यापासून सरळ. बारावा आगीने हल्ला करण्यावर आहे पण त्याचा शेवट नक्की वाचा, राजाने रागाच्या भरात फौज उभी करू नये, राग जाऊन परत आनंद होऊ शकतो पण बुडालेलं राज्य परत येत नाही आणि मेलेली माणसं उठत नाहीत. इंग्लिश चालत असेल तर लायनेल जाइल्सचा १९१० चा अनुवाद नेटवर फुकट मिळतो, भाष्यकारांची मतंही त्यात आहेत, पण तो बांबूच्या पट्ट्या सापडण्याआधीचा. ग्रिफिथचाही आधीचाच, तरी सैनिकाने केलेला म्हणून मला आवडतो. पट्ट्यांचा मजकूर धरून केलेला हवा असेल तर रॉजर एम्सचा १९९३ चा घ्या. आणि ट्रेनिंगमध्ये परत विषय निघाला तर ट्रेनरला छेन यूचं विचारून बघा, तो जे वचन म्हणाला ते बरोबर होतं का, आणि बरोबर होतं तर मग तो हरला का. त्यावर तासभर चर्चा झाली तर पुस्तक वाटल्याचा उपयोग झाला.